डिस्क अर्ध्याहून जास्त रिकामी, तरी लॅपटॉप म्हणतो 'मेमरी कमी आहे'

शेवंती

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शिवाय अर्जांचं स्कॅनिंग. लॅपटॉप जुना आहे: विंडोज १०, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर), वर्ड आणि क्रोमचे चार टॅब एवढं उघडलं की मशीन अडखळायला लागतं. आणि ऐन घाईत, गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना, पडद्यावर 'युअर कॉम्प्युटर इज लो ऑन मेमरी' अशी पाटी येते.

म्हणून जुन्या कामांचे फोल्डर आणि घरचे फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवले. आता लॅपटॉपवर सहाशे जीबीच्या वर जागा रिकामी आहे. पाटी येते ती येतेच. एका दुकानदाराने 'मेमरी वाढवा' असं सांगितलं, दुसऱ्याने 'नवीनच घ्या', आणि भाऊ म्हणतो हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क, टाक.

पैसे एकदाच घालायचे आहेत, म्हणून नीट समजून घालायचे आहेत. रॅम आणि डिस्क यांत नेमका फरक काय, आणि माझ्याकडे कमी काय पडतंय? मुलीच्या १२८ जीबीच्या फोनचंही असंच काहीतरी चाललंय, त्याबद्दलही सांगा.

---

पहाटवारा

४ जीबी रॅमवर कोरल आणि क्रोम एकत्र? आधी रॅम वाढवा, बाकी सगळं नंतर.

---

सुतारपक्षी

मी भावाच्या बाजूने. आमच्या ऑफिसातल्या जुन्या मशीनना फक्त एसएसडी लावल्या, रॅमला हात लावला नाही, आणि लोकांना नवीन कॉम्प्युटर आल्यासारखं वाटलं. फिरत्या डिस्कवर विंडोज १० चालवणं म्हणजे स्वतःला छळून घेणं आहे.

---

कडीपत्ता

शेवंतीताई, मला एका शिक्षकांनी समजावलं होतं ते सांगते. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. कोठी कितीही मोठी असली तरी ओटा हातभर असेल तर एका वेळी दोनच पदार्थ होणार. तुम्ही कोठी रिकामी केलीत, ओटा होता तेवढाच राहिला.

---

मुचकुंद

कडीपत्ता, उपमा चांगली आहे. मीही हीच वापरतो, पण ती दोन ठिकाणी तोकडी पडते आणि शेवंतीताईंचं दुखणं नेमकं त्याच दोन ठिकाणी आहे. म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली जागा. कोठीतला डबा ओट्यावर आणला की कोठीतली जागा रिकामी होते. कॉम्प्युटरमध्ये तसं होत नाही. तुम्ही पत्रिकेची फाइल उघडता तेव्हा डिस्कवरची फाइल जागची हलत नाही, तिची नक्कल रॅममध्ये येते. प्रोसेसरला डिस्कवरच्या अक्षराला थेट हात लावता येत नाही. जे काही वाचायचं, बदलायचं, ते आधी रॅममध्ये यावं लागतं. नवऱ्या मुलाचं नाव तुम्ही बदललंत तर ते नक्कलेत बदललं. डिस्कवर अजून जुनंच नाव आहे. कंट्रोल-एस दाबलंत की नक्कल मूळ जागी उतरते. तोवर एका फाइलच्या दोन आवृत्त्या असतात, आणि नवी आवृत्ती जिथे आहे ती जागा विजेवर जगते.

दुसरी जागा. ओटा भरला की माणूस थांबतो. विंडोज थांबत नाही. ओट्यावरचं जे सध्या कोणी ढवळत नाही ते कोठीत नेऊन ठेवतं आणि लागलं की परत आणतं. डिस्कवर त्यासाठी एक फाइल राखलेली असते, पेजफाइल डॉट एसवायएस नावाची, एरवी न दिसणारी. ही युक्ती जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस या कॉम्प्युटरवर ती १९६२ मध्ये चालत होती: मुख्य मेमरी छोटी, तिच्या मागे फिरता चुंबकीय ड्रम, आणि प्रोग्रॅमला मात्र सगळं एकसंध दिसायचं. आज प्रत्येक लॅपटॉप तेच करतो.

यात अडचण वेगाची आहे. रॅममधून एखादी गोष्ट उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. लॅपटॉपमधली साधी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला वेळ. दहा-पंधरा मिलिसेकंद सहज गेले. १०० नॅनोसेकंद आणि १० मिलिसेकंद यांत लाखपटीचा फरक आहे. विंडोजला रॅम पुरत नाही आणि ते पेजफाइलवर ये-जा करू लागतं, तेव्हा डिस्कचं टोक एकीकडे कोरलची फाइल वाचतं आणि दुसरीकडे क्रोमचा टॅब नेऊन ठेवतं. लॅपटॉपला कान लावा, करकर ऐकू येईल. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसेल. म्हणून लोकांना वाटतं की डिस्क मंद आहे. डिस्क मंद आहेच, पण तिच्यावर एवढं काम येऊन पडलंय ते रॅम कमी असल्यामुळे.

पहाटवारा आणि सुतारपक्षी, तुम्ही दोघेही एकाच दुखण्याची दोन टोकं धरून बोलताय. रॅम वाढवली तर ये-जा थांबते. एसएसडी लावली तर ये-जा चालू राहते, पण टोक सरकण्याचा प्रकार संपतो आणि दहा मिलिसेकंदांचं काम मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात होतं.

ताई, आता खर्चाआधी एक करा. रोजचं सगळं उघडा, मशीन अडखळू द्या, मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करून हे आकडे इथे लिहा: 'इन यूज', 'कमिटेड' (दोन आकडे असतात, मध्ये तिरकी रेघ), 'स्पीड' आणि 'स्लॉट्स यूज्ड'. मग 'धिस पीसी' उघडून सी आणि डी ड्राइव्हवर किती जागा मोकळी आहे तेही वेगवेगळं सांगा. सी ड्राइव्हचा आकडा विसरू नका.

---

घाटवाट

मुचकुंद यांच्या 'विजेवर जगते' या शब्दांवर थोडं, कारण आमच्या भागात दुपारी तासन् तास लाइट नसते आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी कामातून गेलेली असते. प्लग निघाला की मशीन तत्क्षणी बंद.

रॅमच्या चिपमध्ये प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर (बारीक स्विच) आणि एक इवलासा कपॅसिटर (विजेचा भार साठवणारा भाग) असतो. कपॅसिटरमध्ये भार असेल तर एक, नसेल तर शून्य. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट १९६८ चं. कपॅसिटर इतका लहान की त्यातला भार वीज चालू असतानाही झिरपून जातो. म्हणून प्रत्येक ओळ दर ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी वाचून पुन्हा भरावी लागते. लॅपटॉप नुसता चालू ठेवला तरी हे अखंड चाललेलं असतं. वीज गेली की भरणं थांबलं, आणि मजकूर गेला.

एसएसडी, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, फोनची साठवण या सगळ्यांत फ्लॅश असतो. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात आणलेला. त्यात इलेक्ट्रॉन चारी बाजूंनी इन्सुलेटरने बंद केलेल्या जागेत कोंडलेले असतात. वीज नसली तरी ते तिथेच राहतात. पण कोंडायला आणि बाहेर काढायला विजेचा जास्त दाब लावावा लागतो, त्यात वेळ जातो आणि दर वेळी इन्सुलेटर थोडा झिजतो. म्हणून फ्लॅश टिकाऊ असला तरी रॅमची जागा घेऊ शकत नाही. इंटेलने ऑप्टेन नावाने दोन्हींच्या मधलं काहीतरी आणून पाहिलं. रॅमइतकं नाही पण फ्लॅशपेक्षा चपळ, आणि वीज गेली तरी टिकणारं. धंदा जमला नाही आणि २०२२ मध्ये ते आवरतं घेतलं.

शेवंतीताई, वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन ऑटोरिकव्हरची मिनिटं बघा. मुळात १० असतात, ती २ करा. कोरलमध्येही ऑटो-बॅकअपची सोय आहे. आणि दर परिच्छेदाला कंट्रोल-एस. इथे लाइट कधी जाईल हे कुणीच सांगू शकत नाही.

---

शेवंती

सगळ्यांचे आभार. मुचकुंददादा, आकडे असे:

इन यूज ३.६ जीबी (एकूण ३.९ दाखवतंय). कमिटेड ६.८ / ७.०. स्पीड २४००. स्लॉट्स यूज्ड: १ ऑफ २. डिस्क १०० टक्के.
सी ड्राइव्ह ९७.६ जीबी, त्यात मोकळी १.९. डी ड्राइव्ह ८३३ जीबी, त्यात मोकळी ६१०.

विकत घेतला तेव्हा दुकानातूनच सी आणि डी असे भाग करून मिळाले होते. एक शंका: दोन्हींची बेरीज ९३१ च्या आसपास येते. एक टीबीतले बाकीचे गेले कुठे?

---

कडीपत्ता

तेवढं मला सांगता येईल. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात: १ टीबी म्हणजे १०००,००,००,००,००० बाइट, दशमान पद्धतीने. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि तरी त्यालाही जीबीच म्हणतं. त्यामुळे ९३१. काही हरवलेलं नाही. ५१२ जीबीची एसएसडी घ्याल तेव्हा ४७६ दिसेल, तेव्हाही घाबरू नका. रॅम मात्र दोन्हीकडे १०२४ च्याच हिशोबाने असते. ४ मधले ३.९ दिसतात कारण थोडी रॅम ग्राफिक्सने आणि हार्डवेअरने स्वतःसाठी राखलेली असते.

---

मुचकुंद

ताई, सापडलं. तुमची पाटी येते ती सी ड्राइव्हमुळे.

'कमिटेड'मधला दुसरा आकडा, तुमचा ७.०, म्हणजे रॅम आणि पेजफाइल यांची बेरीज. ३.९ रॅमचे आणि ३.१ पेजफाइलचे. पहिला आकडा, ६.८, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅम्सनी मिळून केलेली मागणी. मागणी मर्यादेला टेकली की विंडोज पाटी लावतं. एरवी विंडोज पेजफाइल आपणहून वाढवतं आणि मर्यादा वर सरकते. तुमची पेजफाइल सी वर आहे आणि सी वर उरलेत १.९ जीबी. वाढायला जागाच नाही. तुम्ही रिकामी केलीत ती डी. तिथे सहाशे जीबी असोत की सहा हजार, पेजफाइलला त्याचा उपयोग नाही.

म्हणजे साठवणीतली अडचण मेमरीच्या नावाने दिसत होती. हा प्रकार आपल्याकडे घरोघरी आहे, कारण वर्षानुवर्षे दुकानदार सी लहान आणि डी मोठी असे भाग करून देत आले. मग डेस्कटॉपवर टाकलेली प्रत्येक फाइल, डाउनलोड्समधला प्रत्येक पीडीएफ, व्हॉट्सॲपने उतरवलेला प्रत्येक फोटो सी वरच साठत राहतो.

आज, एक पैसा न घालता:
डाउनलोड्स आणि डेस्कटॉप डी वर हलवा. नुसत्या फाइली ओढून नेऊ नका. डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, तिथे डी वरचा फोल्डर द्या. पुढचं सगळं आपोआप तिकडे जाईल. डॉक्युमेंट्सचंही तसंच. मग डिस्क क्लीनअप चालवून 'क्लीनअप सिस्टिम फाइल्स' दाबा, जुन्या अपडेट्सचे काही जीबी निघतील. निदान १५-२० जीबी मोकळे करा आणि रीस्टार्ट करा. रीस्टार्टच करा, शटडाउन नको. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन करताना ते स्वतःचा गाभा डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तोच परत उचलतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं कोरं होऊन सुरू होतं.

एवढ्याने पाटी जाईल. मंदपणा जाणार नाही. ३.९ जीबी रॅमवर ६.८ ची मागणी आहे, म्हणजे रॅममध्ये न मावणारं डिस्कवर ये-जा करत राहणार. आता खरेदी. तुमचा एक स्लॉट रिकामा आहे आणि स्पीड २४०० म्हणजे डीडीआर४ या पिढीची रॅम. ८ जीबीची एक पट्टी घ्या, जुनी ४ ची राहू द्या. एकूण १२. वेगवेगळ्या मापाच्या पट्ट्या एकत्र चालतात. दोन्हींतला जुळणारा भाग जोडीने काम करतो, उरलेला एकट्याने. तुमच्या मागणीला १२ भरपूर झाले. त्यानंतर हात मोकळा असेल तेव्हा एसएसडी. माझ्या मते तुमच्या बाबतीत हाच क्रम बरोबर.

---

सुतारपक्षी

आकडे बघितल्यावर पटलं, रॅम आधी. पण एसएसडी फार लांबवू नका. रॅममुळे उघडलेलं काम सुरळीत चालेल. सकाळी लॅपटॉप चालू होणं, कोरल पहिल्यांदा उघडणं, हे डिस्कवरच अवलंबून राहणार.

खरेदीला जाताना लॅपटॉप सोबत न्या. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, डेस्कटॉपची लांब, आणि डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकाची पट्टी दुसऱ्यात बसतच नाही, जोर लावायचा नाही. बरोबर पट्टी तिरकी धरून सरकवायची, सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी झाली की खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक्' करून बसतात. त्याआधी चार्जर काढायचा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही, आणि धातूच्या कशाला तरी हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची.

आणि एक तपासा. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असेल तर विंडोज ११ वर जाता येईल आणि घातलेले पैसे पुढेही कामी येतील. त्याहून जुना असेल तर खर्च बेताने करा.

---

शेवंती

आय५, आठव्या पिढीचाच आहे. आजच सी साफ करायला घेते.

---

जुनाजाणता

धागा वाचून राहवलं नाही, थोडं अवांतर लिहितो.

'मेमरी म्हणजे वीज गेली की पुसली जाणारी' हे आजच्या रॅमपुरतं खरं आहे. आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टिफरॅक हा कॉम्प्युटर बांधला गेला. १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला हे नाव दिलं. त्याची मुख्य मेमरी फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांची होती. तारांच्या जाळीत ओवलेली कडी एका दिशेने चुंबकित असेल तर एक, उलट दिशेने असेल तर शून्य. वीज घालवली तरी कडीचं चुंबकत्व जात नाही. रात्री बंद करून सकाळी चालू केलं तरी त्यातलं जागेवर असायचं.

आणि केवढी मेमरी? ४० बिटांचे २०४८ शब्द. आजच्या मापात १० किलोबाइट. शेवंतीताईंच्या लॅपटॉपची ४ जीबी म्हणजे त्याच्या चार लाखपट. त्या १० किलोबाइटांत शास्त्रज्ञांची गणितं बसवायची म्हणजे एकेका शब्दाचा हिशोब. पुढे डेनार्ड यांच्या कपॅसिटरची चिप आली, ती कड्यांहून कितीतरी स्वस्त आणि लहान होती. त्या बदल्यात जगाने विजेवरचं अवलंबित्व पत्करलं. मला तो सौदा आजही विलक्षण वाटतो.

---

पहाटवारा

जुनाजाणता, अवांतर कसलं, धाग्यातली सर्वांत आवडलेली पोस्ट. फेराइटच्या कड्यांवर वेगळा धागा काढाच.

---

घाटवाट

ताईंनी फोनचं विचारलं होतं ते राहून गेलं.

फोनच्या खोक्यावर ६ जीबी + १२८ जीबी असं लिहितात. पहिला आकडा रॅम, दुसरा साठवण. लोकांच्या बोलण्यात दोन्ही 'मेमरी'च, त्यातून घोळ. मुलीच्या फोनवर 'स्टोरेज फुल' येत असेल तर ते १२८ चं दुखणं आहे. त्यावर उपाय फाइली काढणं: व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज स्टोरेज' आहे, तिथे मोठे व्हिडिओ आणि वारंवार फॉरवर्ड झालेलं वेगळं काढून दाखवतं. सुप्रभातचे फोटो आणि हळदी-कुंकवाचे व्हिडिओ मिळून काही जीबी सहज निघतात.

साठवण गच्च भरली की फोन मंदही होतो, आणि त्याचा रॅमशी संबंध नाही. फ्लॅशमध्ये लिहिलेल्या जागेवर तसंच वर लिहिता येत नाही. आधी पुसावं लागतं, आणि पुसणं सुट्या पानाचं (लहान तुकड्याचं) होत नाही, अनेक पानांच्या अख्ख्या ठोकळ्याचं होतं. मोकळे ठोकळे उरले नाहीत की कामाचं पान उचलून दुसरीकडे न्यायचं, ठोकळा पुसायचा, मग लिहायचं. म्हणून दहा-पंधरा टक्के जागा नेहमी मोकळी ठेवावी. एसएसडीलाही हेच लागू.

रॅम कमी असल्याची खूण वेगळी: एका ॲपमधून दुसऱ्यात जाऊन परत आलात की पहिलं ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, अर्धवट भरलेला फॉर्म कोरा झालेला असतो. अँड्रॉइडने रॅमसाठी ते बंद केलेलं असतं. यावर फोटो डिलीट करून काहीही होत नाही.

---

कडीपत्ता

मग 'रॅम प्लस', '८ + ८ जीबी' अशा जाहिराती असतात त्या काय?

---

मुचकुंद

तीच पेजफाइल, वेगळ्या नावाने. साठवणीतले ८ जीबी बाजूला ठेवून त्यावर रॅममधलं जुनं सामान टाकायचं. पार्श्वभूमीला गेलेलं ॲप बंद पडण्याऐवजी तिथे जाऊन पडतं, एवढा उपयोग आहे. पण ती रॅम नव्हे, फ्लॅश आहे. वेग फ्लॅशचा आणि झीजही फ्लॅशची. ८ + ८ चा फोन म्हणजे १६ जीबीचा फोन नाही, ८ चाच. दुकानात खऱ्या रॅमचा आकडा विचारा आणि तोच धरा. हे माहीत नसल्याने लोक जास्त पैसे मोजतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

रॅम साफ करणारी 'क्लीनर' ॲप आणि दर दहा मिनिटांनी उघडी ॲप वर सरकवून बंद करण्याची सवय, दोन्ही सोडायला सांगा. मोकळी पडलेली रॅम कुणाच्या कामाची नाही. अँड्रॉइड मुद्दाम जुनी ॲप तिथे ठेवतं, म्हणजे परत उघडताना फ्लॅशवरून आणावी लागू नयेत. तुम्ही ती हाकलली की पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून, त्यात बॅटरीही जास्त जाते.

---

पहाटवारा

शाळेच्या लॅबमध्ये विंडोजऐवजी उबंटू (लिनक्स) आहे. तिथे पेन ड्राइव्हवर कॉपी पूर्ण झाली असं दिसतं, मुलं पेन ड्राइव्ह उपटतात, आणि घरी फाइल उघडत नाही. हेही यातलंच का?

---

मुचकुंद

अगदी यातलंच. पडद्यावरची कॉपीची पट्टी भरली म्हणजे फाइल रॅममधल्या वाटेवरच्या थांब्यापर्यंत पोचली. तिथून पेन ड्राइव्हवर उतरणं मागून सावकाश चालू असतं, कारण रॅमला क्षणाचं काम पेन ड्राइव्हला मिनिटाचं. 'इजेक्ट' म्हटल्यावर उरलेलं उतरवून घेतात आणि मगच 'आता काढा' असं सांगतात. विंडोज १० ने २०१८ नंतर पेन ड्राइव्हसाठी हा थांबा मुळातच बंद ठेवलाय, त्यामुळे तिथे सहसा निभावतं. लिनक्सवर निभावत नाही. मुलांना इजेक्ट शिकवा.

---

शेवंती

कळवायला उशीर झाला, सीझन चालू आहे.

सी वर २३ जीबी मोकळे झाले. त्याच संध्याकाळपासून पाटी बंद. मंदपणा होता तसाच होता, दादा म्हणाले होते तसं. मग ८ जीबीची पट्टी बसवून घेतली. भाव ऐकून जरा दचकले, पण दुकानदार म्हणाला सध्या रॅम सगळीकडेच महाग झालीय. आता कोरल, वर्ड, स्कॅनर आणि क्रोम एकत्र उघडून आकडे असे: इन यूज ६.२ / ११.९, डिस्क बहुतेक वेळ १० टक्क्यांच्या खाली. काल चाळीस पानांचा अहवाल एका बैठकीत लावून झाला.

दिवाळीनंतर एसएसडी घेणार आहे. शेवटचं विचारते. जुनी हार्ड डिस्क निघेल तिचं काय करू? दुकानदार म्हणतो थोडे पैसे वळते करून घेईन. तिच्यावर लोकांच्या आधार कार्डांचे आणि सातबाऱ्यांचे स्कॅन आहेत. डिलीट करून दिली तर चालेल ना? आणि पुढे कधी ही जुनी ४ ची पट्टी काढली तर तीसुद्धा पुसावी लागते का?

---

घाटवाट

पट्टी खुशाल द्या. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं होतं की वीज तोडल्यावरही रॅममधला मजकूर काही सेकंद, आणि थंडगार केली तर काही मिनिटं, वाचता येतो. पण तुमच्या हातातून दुकानदाराच्या हातात जाईपर्यंत त्यात काही उरत नाही.

डिस्क डिलीट करून देऊ नका. डिलीट केल्यावर फक्त 'ही जागा मोकळी समजा' अशी नोंद होते, आधार कार्डाचा स्कॅन जागेवरच असतो आणि फुकटच्या सॉफ्टवेअरनेही परत निघतो. क्विक फॉरमॅटचंही तेच.

माझं ऐकाल तर देऊच नका. अडीच इंची डिस्कसाठी यूएसबीचं केसिंग स्वस्तात मिळतं, त्यात घालून पूर्ण झालेल्या कामांची दुसरी प्रत तिच्यावर ठेवा. अशा कपाटात पडून राहणाऱ्या प्रतीसाठी फिरती डिस्क फ्लॅशपेक्षा बरी. एसएसडी आणि पेन ड्राइव्ह विजेशिवाय वर्षानुवर्षे पडून राहिले तर कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात, झिजलेल्यांतून लवकर.

द्यायचीच असेल तर नव्या एसएसडीवर सगळं आलंय याची खात्री करा, जुनी डिस्क यूएसबीने जोडा, फॉरमॅटच्या खिडकीत 'क्विक फॉरमॅट'वरची खूण काढा आणि सुरू करा. मग विंडोज प्रत्येक जागेवर शून्य लिहितं. सी आणि डी, दोन्ही भागांना करा. १ टीबीला काही तास लागतील, रात्री लावून ठेवा, आणि त्या रात्री लॅपटॉप इन्व्हर्टरच्या प्लगवर असू द्या.